शहर सगळ्यांनाच हवंय, मग नोकऱ्या कुठे अडकल्या?

या अंकासाठी आलेल्या पत्रांत एकच गाऱ्हाणं, शहर आवडतं पण तिथे धड नोकरी नाही, इतक्या वेळा वाचलं की रिझ्युमेचे, नोटीस पीरियडचे, बॉसच्या कटकटीचे सगळे प्रश्न पुढच्या अंकावर ढकललेत. आज फक्त हेच प्रकरण.

प्रश्न: ताई नमस्कार. मी आणि नवरा, आम्ही दोघांनी ठरवून शहर बदललं. आधीच्या ठिकाणी पगार बरा होता पण ट्रॅफिक, धूर, धावपळ, जीव नकोसा व्हायचा. हे शहर म्हणजे ज्याला सांगावं तो म्हणतो नशीबवान आहात बुवा. हवा छान, फिरायला जागा, माणसं निवांत, संध्याकाळी रस्ते फुललेले असतात आणि भाड्याने घर मिळवायचं तर अक्षरशः मारामारी. म्हणजे शहर जोरात चाललंय ना? मग मला नोकरी का मिळत नाही? मी अकाउंट्स-फायनान्समधली, अनुभव भरपूर. इथे अधूनमधून एखादं ओपनिंग दिसतं, त्यात पगार आधीपेक्षा कितीतरी कमी, तरी मी अर्ज करते आणि साधं उत्तरही येत नाही. आता माझ्यातच काही कमी आहे का असं वाटायला लागलंय.
– शहराच्या प्रेमात पडलेली

उत्तर: ते "माझ्यातच कमी आहे का" तुम्ही पत्रात शेवटी लिहिलंय, पण टोचतंय तेच. त्याचं उत्तर, बहुतेक नाही. तुमचा अंदाज चुकला तो शहराचा, आणि तो भल्याभल्यांचा चुकतो. रस्ते फुललेत, घरं मिळत नाहीत, ज्याला त्याला इथेच यायचंय, यावरून एवढंच कळतं की लोकांना इथे राहायला आवडतं. इथे कामाला माणसं लागतात का, हे त्यावरून अजिबात कळत नाही. राहायला येणारा माणूस हवा बघतो, शाळा बघतो, समुद्र नाहीतर डोंगर बघतो. कंपनीची यादीच वेगळी असते, गिऱ्हाईक किती जवळ, मालाची ने-आण केवढ्याला पडते, आपल्या कामाची माणसं तयार मिळतात का, टॅक्स किती, आणि पुष्कळदा तर नुसतं मालक मूळचा कुठला!

हे शेवटचं मी गमतीत नाही लिहिलं. अमेरिकेतलं सिएटल घ्या. १९७१ मध्ये तिथे विमानतळाजवळ दोन रिअल इस्टेट एजंटांनी चेष्टेत एक होर्डिंग लावलं होतं, की सिएटल सोडून जाणाऱ्या शेवटच्या माणसाने दिवे तेवढे बंद करावेत. कारण बोइंग. विमानांच्या ऑर्डरी आटल्या आणि लाखाच्या घरात असलेली तिची माणसं काही वर्षांत चाळीस हजारांच्या खाली आली. मग १९७९ मध्ये अल्बुकर्कीहून एक डझनभर लोकांची कंपनी सिएटलला लागून असलेल्या बेलव्ह्यूला आली, कारण तिचे दोन्ही मालक त्याच भागात वाढलेले. ती मायक्रोसॉफ्ट. पुढे १९९४ मध्ये जेफ बेझोसने अॅमेझॉनसाठी तोच भाग धरला, तो तिथे प्रोग्रामर तयार मिळत होते म्हणून आणि राज्याची लोकसंख्या कमी असल्याने सेल्स टॅक्सचं ओझं कमी पडणार होतं म्हणून (तेव्हा तो टॅक्स कंपनी असलेल्या राज्यातल्या गिऱ्हाइकांकडूनच घ्यावा लागायचा). यात निसर्गाचा संबंध कुठे आला? डोंगर, पाणी, झाडी १९७१ मध्येही तीच होती, तेव्हा माणसं गाठोडं बांधून निघाली होती.

तुमच्या फायनान्सच्या कामासाठी मात्र सिएटलपेक्षा बर्लिन जास्त कामाचं उदाहरण आहे. २००३ मध्ये बर्लिनचे तेव्हाचे महापौर क्लाऊस वोवेराइट म्हणाले होते की आमचं शहर गरीब आहे पण सेक्सी आहे, आणि ते वाक्य इतकं गाजलं की शहराची ओळखच झालं. त्यातला "गरीब" हा भाग खरा होता. २००५ मध्ये तिथली बेरोजगारी १९ टक्क्यांच्या आसपास होती, आणि जगभरातले चित्रकार, संगीतवाले, विद्यार्थी तेव्हाही तिथे येतच होते. असं का, तर दुसऱ्या महायुद्धानंतर शहराची फाळणी झाली आणि मोठ्या कंपन्यांनी मुख्य ऑफिसं हलवली. सीमेन्स म्युनिकला गेली, डॉइश बँक आणि विजेची उपकरणं बनवणारी एइजी फ्रँकफर्टला. पश्चिम बर्लिनमधले जे कारखाने उरले ते बरेचसे सरकारी मदतीवर तगून होते. भिंत पडल्यावर ती मदत बंद झाली, पूर्वेकडचे सरकारी कारखानेही कोसळले. १९९१ मध्ये संसद आणि सरकार बर्लिनला हलवायचं ठरलं, मंत्रालयं आली, पण गेलेली हेड ऑफिसं काही परत आली नाहीत.

आणि तुमचं दुखणं नेमकं इथेच आहे. बजेट, ऑडिट, ट्रेझरी, मोठे हिशोब, ही कामं हेड ऑफिसात बसतात. आवडत्या शहरात पुष्कळदा शाखा असतात, हॉटेलं, हॉस्पिटलं, शाळा, दुकानं असतात, आणि शाखेला फायनान्स मॅनेजर लागत नाही, बिलं चढवणारा एक माणूस पुरतो. तुम्हाला दिसतायत ती ओपनिंग्ज कदाचित त्या बिलं चढवणाऱ्याचीच आहेत, म्हणून पगार तसा आणि म्हणूनच तुमचा अनुभव बघून ते गप्प बसतात. त्यांना वाटतं ही बाई चार महिन्यांत सोडून जाईल. एवढं करून बघा, शहरात कुठल्या कंपन्यांची मुख्य कचेरी आहे याची यादी काढा. ती यादी एका पानात संपली तर तुमच्या जीव तोडून केलेल्या अर्जांचं काय होतंय ते कळेल.

प्रश्न: घरभाडं दर वर्षी वाढतंय, पगार आहे तिथेच. जर शहरात नोकऱ्याच नाहीत तर एवढं भाडं भरतंय कोण? कुठेतरी गणित चुकतंय असं वाटतं.
– भाडेकरू

उत्तर: भाऊ, गणित बरोबर आहे, फक्त ते तुमच्या बाजूने नाही.

अर्थतज्ज्ञ शेरविन रोझेन यांनी १९७९ मध्ये आणि जेनिफर रोबॅक यांनी १९८२ मध्ये हा हिशोब नीट मांडला, आणि तो समजायला अर्थशास्त्र यायची गरज नाही. समजा दोन शहरांत पगार सारखे आणि भाडी सारखी, पण एक शहर राहायला जास्त चांगलं. लोक काय करतील? चांगल्या शहरात जातील. गेले की तिथे घरं कमी पडतात, भाडं चढतं, एकेका जागेला अर्ज करणारे वाढतात, पगार दबतो. हे कुठपर्यंत चालतं, तर सामान बांधायला निघालेल्या माणसाला "जाऊ दे, तिथे गेलो काय न् इथे राहिलो काय, हातात सारखंच पडणार" असं वाटेपर्यंत. म्हणजे शहराचा चांगुलपणा फुकट मिळत नाही. काही पैसे घरमालक घेतो आणि उरलेले पगारातून कापले जातात, फक्त सॅलरी स्लिपवर त्याची ओळ छापलेली नसते.

उलट्या बाजूनेही हे खरं आहे. अॅडम स्मिथने १७७६ मध्येच लिहून ठेवलंय की काम जितकं नकोसं तितके पैसे जास्त द्यावे लागतात, आणि त्याने दाखला दिला होता तो जल्लादाचा, थोडं काम करून भरपूर मिळवणारा माणूस म्हणून. शहराचंही तसंच. २०१२ च्या सुमारास अमेरिकेची बेरोजगारी ८ टक्क्यांच्या आसपास असताना नॉर्थ डकोटात ती ३ टक्के होती, तेल निघालं होतं ना. विलिस्टन नावाच्या छोट्या गावात माणसं ट्रकमध्ये झोपून कामाला जात होती, कंपन्यांनी कंटेनरसारख्या खोल्यांच्या वसाहती टाकल्या, पगार असे की शहरातले पदवीधर बघत राहतील. पण हिवाळा हाडं गोठवणारा, आणि संध्याकाळी करायला काही नाही. तिथे कोणी "जागेसाठी" जात नव्हतं, पैशासाठी जात होतं, काम आटलं की परत.

आता भाडं कोण भरतंय. बहुतेक असे लोक ज्यांचा पगार तुमच्या शहरातून येतच नाही. रिटायर होऊन आलेले, बाहेर कमावून इथे दुसरं घर घेऊन ठेवलेले, घर पर्यटकांना रोजच्या रेटने देणारे, आणि अलीकडे लॅपटॉप घेऊन आलेले. पोर्तुगालने २०२२ च्या ऑक्टोबरपासून बाहेरच्या कंपनीसाठी रिमोट काम करणाऱ्यांना व्हिसा द्यायला सुरुवात केली, त्याची अट होती की महिन्याची कमाई देशाच्या किमान वेतनाच्या चौपट हवी. तेव्हा किमान वेतन होतं ७०५ युरो, म्हणजे येणाऱ्याची कमाई निदान २,८२० युरो. किमान वेतनावरचा तिथला माणूस आणि हा बाहेरून आलेला, दोघं लिस्बनमध्ये एकच फ्लॅट बघायला गेले तर घरमालक कोणाला हो म्हणेल ते वेगळं सांगायला नको. आणि येणाऱ्या त्या माणसाने तिथल्या कोणाची नोकरी घेतलेली नसते, तो कोणाला नोकरी देतही नाही, कॉफी पाजणारा सोडला तर. त्यामुळे भाड्याचा आकडा आणि जॉब मार्केट यांची फारकत होते.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा, महाग शहर म्हणजे कमी पगाराचंच शहर असं नसतं. म्युनिक महाग आहे आणि तिथे नोकऱ्याही आहेत, सॅन फ्रान्सिस्कोचंही तेच, कारण तिथे भाडं फुगवणारे लोक तिथल्याच कंपन्यांतून कमावतात. म्हणून नुसतं भाडं बघू नका, ते कोणाच्या खिशातून येतंय ते बघा.

प्रश्न: इंटरव्ह्यू चांगला झाला. पगाराचं बोलणं निघालं तर एचआरवाले हसून म्हणाले, "तुम्हाला याच शहरात राहायचंय ना, मग थोडं अॅडजस्ट करावं लागेल." मी होकार दिला पण डोक्यातून जात नाहीये. हे बरोबर आहे का?
– अॅडजस्ट केलेला

उत्तर: बरोबर नाही, पण एचआरवाला खोटंही बोलला नाही. मी स्वतः बरीच वर्षं भरती केलीये म्हणून पलीकडच्या खुर्चीतून काय दिसतं ते सांगते. अशा शहरात एक जागा निघाली की अर्जांचा ढीग येतो, त्यातले निम्मे बाहेरगावचे, कव्हर लेटरमध्ये हमखास एक वाक्य असतं की मला या शहरात स्थायिक व्हायचं आहे. उमेदवाराला वाटतं यातून निष्ठा दिसेल. आम्हाला त्यातून दिसायचं की हा माणूस पगारावर फार ताणणार नाही. साहेब मागून म्हणायचे, दहा टक्के कमी करून बघ, येईल तो. आणि यायचाच.

याला आणखी एक बाजू आहे. मोठ्या शहरात तुमच्या कामाच्या वीस कंपन्या असतात, एकीत पटलं नाही तर समोरच्या बिल्डिंगमध्ये जाता येतं. छोट्या देखण्या शहरात अशा दोनच असतात आणि दोघांचे मॅनेजर एकमेकांना ओळखत असतात. अर्थतज्ज्ञ जोन रॉबिन्सन यांनी १९३३ मध्येच मांडलं होतं की श्रम विकत घेणारा एकटाच असेल तर तो कामाच्या लायकीपेक्षा कमी पगार देऊन निभावून नेऊ शकतो, कारण माणूस जाणार कुठे. एकटाच असायलाही लागत नाही, मोजके असले तरी तेच होतं.

म्हणजे त्या "अॅडजस्ट"मध्ये दोन गोष्टी मिसळल्या होत्या. एक, शहर चांगलं म्हणून तुम्ही स्वखुशीने सोडलेले पैसे. दुसरी, तुम्हाला दुसरा पर्याय नाही हे ओळखून त्यांनी कापलेले. पहिल्याबद्दल वाईट वाटून घेऊ नका, ती तुमची निवड आहे. दुसऱ्याबद्दल चीड यायलाच हवी. पुढच्या वेळी शहराचं प्रेम इंटरव्ह्यूत दाखवूच नका, कोणी विचारलं "इथेच का" तर कामाबद्दल बोला. आणि वर्षभराने बाहेरच्या शहरातली एक तरी ऑफर हातात ठेवून पगाराचा विषय काढा. जायचं नसलं तरी.

प्रश्न: माझा मुलगा मास्टर्स झाला आणि कॉलेज होतं त्याच शहरात राहिला. कॅफेत काम करतो, मधूनमधून फ्रीलान्स. म्हणतो आई मी इथे सुखात आहे. पेपरात तर वाचते की त्या शहरात बेरोजगारी कमी आहे, मग शिकलेल्या मुलाला नोकरी का नाही?
– काळजीतली आई

उत्तर: काकू, बेरोजगारीच्या आकड्यात तुमचा मुलगा नाहीच. तो कॅफेत काम करतो ना, म्हणजे सरकारी हिशोबाने तो नोकरीला आहे. मास्टर्स होऊन कॉफी देतोय की पदवी वापरतोय, हे तो आकडा विचारत नाही. त्यामुळे अशा शहरांचं जॉब मार्केट कागदावर बरं दिसतं आणि प्रत्यक्षात पोरं आपल्या शिक्षणाच्या दोन पायऱ्या खाली उभी असतात.

कॉलेजचं शहर असेल तर गोष्ट आणखी बिकट होते. दर वर्षी नवी बॅच बाहेर पडते, त्यातल्या बऱ्याच जणांना निघवत नाही, मित्र इथेच, खोली इथेच, सवय इथलीच. शहराला लागतात त्याच्या कितीतरी पट पदवीधर तयार होतात आणि पुढच्या वर्षी परत तेच. अमेरिकेतल्या पोर्टलंडबद्दल लोक थट्टा करायचे की तरुण मुलं तिथे रिटायर व्हायला जातात. तिथल्याच पोर्टलंड स्टेट युनिव्हर्सिटीच्या दोन संशोधकांनी २०१२ मध्ये हे तपासून बघितलं. मुलं आळशी वगैरे नव्हती, पण शिकलेली तरुण माणसं मंदीतसुद्धा तिथे येत राहिली होती, आणि इतर मोठ्या शहरांतल्या त्यांच्यासारख्याच मुलांपेक्षा कमी कमवत होती. मंदीत माणसं सहसा निघून जातात आणि मग उरलेल्यांना जरा हातपाय पसरायला जागा मिळते. आवडत्या शहरात ही सुटकाच होत नाही, कारण कोणी हलत नाही आणि वरून नवे येतात.

त्याला ओढून बाहेर काढा असं मी म्हणणार नाही, सुखात आहे म्हणतोय तर असेलही. पण एक गोष्ट त्याच्याशी बोला. आज एकट्याचं भागतंय. उद्या जोडीदार आला, तोही शिकलेला, तर एकाच शहरात दोन चांगल्या नोकऱ्या शोधायच्या, आणि नोकऱ्या मोजक्या असतील तिथे हे भारी अवघड. डोरा कोस्टा आणि मॅथ्यू कान या अर्थतज्ज्ञांनी अमेरिकेतली आकडेवारी काढली होती, नवरा-बायको दोघंही पदवीधर अशा जोडप्यांपैकी १९४० मध्ये ३२ टक्के मोठ्या महानगरांत राहायची, १९९० पर्यंत ते प्रमाण ५० टक्के झालं. मोठ्या शहराचं प्रेम असतं असं नाही, दोघांचं जमतं तिथेच म्हणून जातात. पहिल्या पत्रातल्या बाईंच्या नवऱ्याला नोकरी लागली असेल तर माझी खात्री आहे की त्यांच्या घरी सध्या हेच चाललंय.

प्रश्न: आमच्या शहरात निवडणूक आली की आयटी पार्कचं आश्वासन येतं. समजा खरंच आला, तर प्रश्न सुटेल का? की पर्यटनच वाढवावं? आत्तापर्यंत तेच करत आलेत.
– आश्वासनं ऐकून थकलेला

उत्तर: पर्यटनाचं आधी सांगते कारण ते सोपं आहे. त्याने नोकऱ्या मिळतात पण कशा? स्पेनची बॅलेरिक बेटं घ्या, मायोर्का वगैरे. उन्हाळ्यात माणूस कमी पडतो, हिवाळ्यात हॉटेलं बंद. तिथे कायम-पण-हंगामी अशी कामाची एक रीतसर जातच आहे, म्हणजे करार कायमचा पण काम सीझनपुरतं. ऑफ सीझनला ही माणसं घरी बसतात आणि रोजगार कचेरीच्या बेरोजगारांच्या यादीत त्यांची गणती होत नाही! वर पर्यटन जितकं वाढतं तितकी घरं पाहुण्यांकडे जातात. व्हेनिसच्या जुन्या शहरात १९५१ मध्ये पावणेदोन लाखांच्या आसपास लोक राहत होते, २०२२ मध्ये ते ५० हजारांच्या खाली गेले. ते शहर जगात कोणाला नकोय सांगा.

आयटी पार्कचं उत्तर जरा लांब आहे. फायदा होतो हे खरं. एन्रिको मोरेत्ती यांनी अमेरिकेतल्या शहरांचा हिशोब करून दाखवलं की हाय-टेकमधली एक नवी नोकरी कालांतराने शहरात आणखी सुमारे पाच नोकऱ्या उभ्या करते, वकिलापासून केस कापणाऱ्यापर्यंत. पण यात मेख अशी की कंपन्या एकट्या येत नाहीत, घोळक्याने येतात. जिथे आधीच त्या कामाची माणसं, त्यांना सामान आणि सेवा पुरवणारे, एकमेकांच्या आयडिया ऐकणारे लोक आहेत तिथेच पुढची कंपनी जाते, आल्फ्रेड मार्शल यांनी १८९० मध्ये हेच लिहिलं होतं. रिकामी इमारत बांधून काचा लावल्या म्हणून घोळका येत नाही.

आणि समजा आलाच, तर दुसरी पंचाईत. १९६४ मध्ये केनियात सरकार, मालक आणि युनियन यांनी मिळून करार केला, मालकांनी जास्त माणसं घ्यायची आणि युनियनने पगारवाढ मागायची नाही, शहरातली बेरोजगारी संपवायची म्हणून. बातमी पसरली तशी गावाकडून माणसं शहरात लोटली आणि बेरोजगारी काही हटली नाही. जॉन हॅरिस आणि मायकल टोडॅरो यांनी १९७० मध्ये यामागचं कारण मांडलं, की माणूस शहरात येताना आजचा पगार आणि तो मिळायची शक्यता दोन्ही जोखतो, नोकऱ्या वाढल्या की शक्यता वाढते, मग रांगेत उभं राहणारेही वाढतात. केनियात ओढ शहराच्या पगाराची होती. तुमच्याकडे तर लोकांना पगार नसतानाही यायचंय, पगार आला म्हटल्यावर काय होईल? आयटी पार्क आणू नका असं नाही म्हणत मी. पण "हजार नोकऱ्या येणार" असं कोणी भाषणात म्हणालं तर विचारा की त्या बघून बाहेरून किती येणार आणि ते राहणार कुठे. घरं बांधायचा प्लॅन त्याच भाषणात नसेल तर पुढच्या निवडणुकीला तुम्ही मला भाड्यावर पत्र लिहाल.

प्रश्न: ताई, थोडक्यात सांगा. मला अशाच एका शहरात जायचंय, मन बनलंय. जाण्याआधी काय बघू?
– निघायच्या तयारीत

उत्तर: मन बनलंय तर जा, पण सुट्टीत बघितलेल्या शहरावरून ठरवू नका, सीझन नसताना एकदा जाऊन या. तुमच्या कामाला माणसं ठेवणारे किती जण आहेत ते मोजा, जाहिराती मोजू नका, कारण एकच जागा पाच ठिकाणी झळकते आणि वर्षभर तशीच लटकते. पाच-सहा नावं सुचली नाहीत तर तिकडची नोकरी गेल्यावर घरही बदलावं लागेल असं धरून चाला. तुमच्याच कामातला, त्या शहरात दुसरी नोकरी मिळवलेला माणूस शोधा. पहिली मिळवलेले भरपूर भेटतील, मला दुसरी मिळवलेला हवाय, तो सांगेल ते ऐका.

शक्य असेल तर आत्ताची नोकरी रिमोट करून घेऊन जा आणि ते लेखी घ्या, तोंडी "बघू" वर सामान हलवू नका, मॅनेजर बदलला की बघू संपतं. उलटं करायला जमत असेल तर तेही बघा. अमेरिकेत टल्सा नावाच्या शहरात एक खाजगी संस्था २०१८ पासून बाहेरून येऊन रिमोट काम करणाऱ्याला १०,००० डॉलर देतेय, कारण तिथे आपणहून फारसं कोणी येत नव्हतं. जिथे यायला पैसे देतात तिथे तुम्हाला आवडेल की नाही मला माहीत नाही, पण निदान भाडं कमी असतं.

आणि आठ-दहा महिन्यांचा खर्च बाजूला असल्याशिवाय राजीनामा देऊ नका. सासरे, वडील, मित्र कोणी काही म्हणो.